एक चाफा, पाच कुळे

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले पुणे, जवळजवळ त्याच उंचीचे नाशिक, किंवा ९०० मीटरांहूनही वर असलेले बंगळूर, या शहरांना निसर्गाने हवामानाची जी सनद बहाल केली आहे ती पाहता तेथील बागाइतदाराने स्वतःस भाग्यवान समजावे, हेच योग्य. पुण्यात पाऊस सालिना सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे मुळांना भिजवील पण कुजवणार नाही इतका. उन्हाळा कडक खरा, परंतु रात्री बहुधा सुसह्य. आणि थंडी म्हणाल तर १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हाही गोठणबिंदू काही गाठला गेला नाही. अशा ठिकाणी ब्राझीलची वेल, मेक्सिकोचा कंद, मादागास्करचा वृक्ष आणि सह्याद्रीतील झुडूप एकाच कुंपणाच्या आत निर्वेधपणे नांदतात, आणि चार हात मोकळी जमीन असलेला सामान्य गृहस्थही पाहुण्याला चार खंडांतील फुले दाखवू शकतो.

मात्र याच सौम्यपणाच्या पोटी एक खोट दडलेली आहे. युरोपात एखाद्याने उष्ण प्रदेशातील झाड उघड्यावर लावले तर पहिल्याच हिवाळ्यात त्याचा निकाल लागतो आणि लावणारा शहाणा होतो; आपल्याकडे असा रोखठोक न्याय नाही. येथे भलत्या जागी लावलेले, भलत्या मातीत रुजवलेले, भलत्या महिन्यात छाटलेले झाडही सहसा मरत नाही. ते हिरवे राहते, वाढते, कुंपणावरून रस्त्यात डोकावते, फक्त फुलत नाही, आणि न फुलण्याचा दोष घरधनी कधी खताला, कधी माळ्याला, तर कधी शेजारणीच्या दृष्टीला देत वर्षानुवर्षे काढतो. जगणे निराळे आणि फुलणे निराळे. जगण्यास पाणी आणि ऊन पुरते. फुलण्यासाठी मात्र झाडाला आपल्या मूळ मुलखातील ऋतुचक्राची काही ना काही खूण मिळावी लागते. ती खूण कोणती हे कळावयाचे, तर हे झाड कोणते, कोणत्या कुळातले आणि कोणत्या देशचे, याची खातरजमा आधी झाली पाहिजे. खत, पाणी, छाटणी हा सारा त्यानंतरचा मामला होय. आमच्या बागांतून बहुधा हा क्रम उलटा चालतो.

चाफ्याचेच उदाहरण घ्या. ‘आमच्याकडे चाफा आहे, पण तो फुलत नाही’ अशी तक्रार कोणी केली, तर जाणत्या माणसाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो ‘कोणता चाफा?’ हाच. कारण मराठी माणसाने ज्या ज्या सुगंधी वा देखण्या फुलाला प्रेमाने चाफा म्हटले त्यांची कुळे तपासू गेल्यास किमान पाच निघतात, आणि त्यांपैकी एकाची मशागत दुसऱ्याला लागू करणे म्हणजे एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याला औषध पाजणे होय.

सोनचाफा हा खरा चंपक. तो मॅग्नोलियाच्या कुळातला. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी मिचेलिया चंपाका असे होते, अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यास मॅग्नोलिया याच प्रजातीत सामावून घेतले आहे. फूल नसतानाही त्याची ओळख पटवावयाची असेल तर कोवळ्या फांदीकडे पाहावे: प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीभोवती एक बारीक वर्तुळाकार वळ उमटलेला दिसेल. कोवळ्या पानाला झाकणारे उपपर्ण गळून पडल्याची ती निशाणी असून या कुळातील बहुतेक झाडांवर ती आढळते. फुलात हिरवी दले आणि रंगीत दले असा भेदच नाही. सगळ्याच पाकळ्या सोनेरी, आणि मध्यभागी एका उंच दांड्यावर असंख्य स्त्रीकेसर मळसूत्राकार रचलेले. ही रचना सपुष्प वनस्पतींतील अतिप्राचीन घराण्यांपैकी एकाची आहे. असे हे सदाहरित वनांत वाढलेले झाड खोल, निचऱ्याची पण सदैव किंचित ओलसर जमीन मागते. त्याची मुळे मांसल व नाजूक असल्यामुळे एकदा लावल्यावर ते हलवू नये, आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. बियांपासून केलेले रोप फुलावर यावयास सात-आठ वर्षेही घेते, म्हणून रोप आणताना ते कलमी आहे की बियांचे, एवढी चौकशी अवश्य करावी. कलम एक-दोन वर्षांतच फूल दाखवते.

पांढरा चाफा, ज्याला कोठे देवचाफा, कोठे खुरचाफा म्हणतात, त्याची सारी कैफियत याच्या अगदी उलट. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. कण्हेरीच्या कुळातला, म्हणून पान तोडताच पांढरा चीक येतो. प्लुमिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरूच्या स्मरणार्थ त्यास प्लुमेरिया हे नाव मिळाले. देवळांच्या आवारांतून तो इतका जुना वाटतो की हा परदेशस्थ आहे हे सांगितल्यावर पुष्कळांस राग येतो. त्याच्या मायदेशी वर्षाचे काही महिने संपूर्ण कोरडे, म्हणून हिवाळ्यात पाने झाडून निष्पर्ण उभे राहण्याची त्याची वहिवाट आहे. त्या काळात दयेपोटी घातलेले पाणी त्याच्या मुळावर येते. फांदी लावावयाची तर तोडून लगेच मातीत न खोचता आठ-दहा दिवस सावलीत ठेवून चीक पुरता सुकू द्यावा, नाहीतर ती कुजते. या फुलाचा एक गुन्हाही सांगून ठेवतो: रात्री दरवळणाऱ्या त्याच्या सुवासाला भुलून येणाऱ्या पतंगांना आत मधाचा थेंबही मिळत नाही, ते रिकाम्या फुलांवरून हिंडत फुकट परागवहन करतात. बोथट टोकाच्या, जवळजवळ वर्षभर टिकणाऱ्या गर्द पानांचा जो चाफा हल्ली सोसायट्यांच्या दारांत दिसतो तो याच प्रजातीतील निराळा भाऊ, आणि त्याला पानगळीची सक्ती नाही.

हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु त्याचे जाड, सहा पाकळ्यांचे फूल सीताफळाच्या फुलाशेजारी ठेवून पाहिले की शंका उरत नाही. फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्याच आकड्याने तो आधार धरून चढतो. म्हणून त्यास झाड समजून मोकळ्या मैदानात एकटे उभे करणे व्यर्थ. फूल कोवळे असताना पानांच्या रंगात असे मिसळते की नजरेला सापडत नाही; पिवळसर झाले की पिकल्या फळासारखा वास येतो आणि मग सारे घर शोधास लागते. नागचाफा हा उंडीचा आप्त, सदाहरित पावसाळी वनांतला, श्रीलंकेचा राष्ट्रवृक्ष, लोखंडाइतके कठीण लाकूड असलेला आणि वाढीला कमालीचा मंद. लालसर कोवळी पालवी, चार शुभ्र पाकळ्या आणि मध्ये पिवळ्याधमक केसरांचा झुबका ही त्याची लक्षणे. येथे मात्र खरेदीदाराने सावध असावे. सापाच्या फण्यासारखी पाने असलेला, पांढऱ्या गुच्छांचा, वासाने जवळजवळ निर्गुण असा एक अमेरिकन प्लुमेरिया हल्ली रोपवाटिकांतून नागचाफा म्हणूनच विकला जातो. तो झटपट फुलतो, कुंडीत राहतो, दिसतोही बरा. त्याच्याशी माझे वैर नाही, पण नागचाफ्याच्या नावावर तो घरात येऊ नये.

राहिला भुईचाफा. तो हळदीच्या घराण्यातला कंद. चैत्र-वैशाखात, आजूबाजूला पानाचा मागमूस नसताना, तापलेल्या उघड्या मातीतून जांभळट-पांढरी फुले वर येतात, पावसाबरोबर पाने फुटतात, आणि हिवाळ्यात सारे जमिनीवरचे वैभव मावळते. नव्या माळ्याने ‘ही कुंडी रिकामीच आहे’ म्हणून ती उपडी केल्याचे प्रसंग अनेक घरांत घडले असतील. हिवाळ्यात त्या कुंडीला पाणी नको, हात नको. एक पाटी खोचून ठेवावी म्हणजे झाले.

झाडाची ओळख पक्की करण्याच्या कामी आपल्या लोकांचा हिस्सा मोठा आहे, हे या निमित्ताने नमूद करावेसे वाटते. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने कोचीन मुक्कामी तेथील वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला, तो ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा खंडांत ॲमस्टरडॅमला छापून निघाला. त्यात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी माहिती पुरवली, झाडांची नावे सांगितली, आणि हे सारे आम्ही तपासून दिले आहे असे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत, लिहून दिले; ते पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे लिनियसने १७५३ साली जगातील वनस्पतींचे नामकरण केले तेव्हा हिंदुस्थानातील झाडांसाठी त्याने या ग्रंथाचा आधार घेतला. मुंबई इलाख्यापुरते असेच काम थिओडोर कुक याने केले; तो पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य होता आणि त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आजही सह्याद्रीतील एखादे झुडूप ओळखावयाचे झाल्यास अभ्यासक त्याचीच पाने उलटतात.

सामान्य माणसाला एवढा खटाटोप नको. त्याने फुलाच्या मोहात न पडता आधी पान पाहण्याची सवय लावून घ्यावी. फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक. पान साधे आहे की अनेक पर्णिकांचे. तोडल्यास चीक येतो काय. चुरगळल्यास वास कसला. एवढ्या चार प्रश्नांनी निम्मी बाग ओळखता येते. तगर, अनंत आणि कुंती या तीन पांढऱ्या, हिरव्यागार पानांच्या झुडपांत नेहमी घोटाळा होतो, विशेषतः तगर आणि अनंत या दोघांच्या दुहेरी फुलांच्या जातींत. पान तोडून पाहा: चीक आला तर तगर, कारण तीही कण्हेरीच्या कुळातली. चीक नाही, पाने चकचकीत, समोरासमोरच्या देठांमध्ये एक लहानसे उपपर्ण चिकटलेले, तर तो कॉफीच्या कुळातला अनंत. आणि पाने एकाआड एक, अनेक पर्णिकांची, उजेडात धरल्यास बारीक तैलबिंदू दिसणारी व चुरगळल्यास लिंबाच्या जातीचा वास येणारी, तर ती कढीलिंबाची बहीण कुंती. लसूणवेलीची तर परीक्षा डोळे मिटूनही होते. जांभळ्या फुलांची ती दक्षिण अमेरिकन वेल पान चुरगळताच स्वयंपाकघरातील फोडणीची आठवण करून देते.

मोगरा, जाई, जुई आणि कुंद यांच्या बाबतीत नुसता वास पुरत नाही, पानच साक्षीला बोलवावे लागते. मोगऱ्याचे पान एकेरी, रुंद, जोडीने येणारे. कुंदाचेही एकेरी, पण कोवळ्या फांदीवर व पानावर मऊ लव. जाईचे पान सात ते नऊ पर्णिकांचे आणि कळी बाहेरून गुलाबी छटेची. जुईच्या पानाला मध्ये एक मोठी पर्णिका आणि देठाशी दोन चिमुकल्या, जणू कानच. आता ही ओळख नुसत्या कौतुकाची नव्हे. कुंद ऐन थंडीत फुलणारा, म्हणून त्यावर दिवाळीच्या सुमारास कात्री चालवणे म्हणजे हातची फुले कापून टाकणे. मोगरा उन्हाळ्यात फुलणारा, म्हणून त्याला कात्री हवी ती थंडीच्या अखेरीस.

मोगऱ्याची मशागत जरा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या घरोघरी जे मोगरे ‘नुसतेच माजतात’ त्यांचे मूळ येथेच आहे. फळबागाइतदार ज्याला ‘ताण देणे’ आणि ‘बहार धरणे’ म्हणतात तीच रीत मोगऱ्यालाही लागू पडते. मार्गशीर्षापासून पाणी हळूहळू तोडावे; पाने पिवळी पडू लागली, गळू लागली तरी मन घट्ट करावे; जानेवारीच्या अखेरीस सर्व फांद्या निम्म्याने छाटून वाळके, बारीक, वेडेवाकडे फाटे काढून टाकावेत; बुंध्याभोवतीची माती हलकेच मोकळी करून मुळांना दोन-चार दिवस ऊन दाखवावे; मग कुजलेले शेणखत भरपूर घालून सावकाश पाणी सुरू करावे. नव्या फुटीच्या टोकालाच कळी येत असल्यामुळे जितकी फूट तितकी फुले, हे गणित सरळ आहे. फाल्गुनात कळ्या दिसू लागतात आणि पहिल्या पावसापर्यंत ओंजळी भरत राहतात. एकेक बहार ओसरला की टोके खुडत गेल्यास पुन्हा फूट येते. जागा मात्र दिवसाचे किमान पाच-सहा तास ऊन लागेल अशीच हवी. खिडकीशी वास यावा म्हणून इमारतीच्या उत्तरेस सावलीत लावलेला मोगरा पानांची भाजी करण्यापलीकडे उपयोगाचा नाही, आणि त्याची भाजीही कोणी करीत नाही.

माधवी आणि मधुमालती यांची तर नावेच एकमेकींत गुंतली आहेत. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दुष्यंत ज्या माधवीमंडपात विरह कंठतो ती माधवी वेल म्हणजे आपल्याच वनांतली एक दणकट काष्ठवेल: झालरीसारख्या कडांच्या पाच पाकळ्यांपैकी एकीवर पिवळा डाग, माघ-फाल्गुनात बहर, आणि फळाला तीन पंख, ते भिरभिरत खाली येते. कमानीवर आणि फाटकावर जी सर्रास दिसते ती मधुमालती. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी लाल, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. पहिल्या रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, दिवसा इतर कीटक. मधुमालती पावसाळ्यानंतर कितीही छाटा, ती पुन्हा उसळते. माधवीला मात्र फुलून गेल्यावरच कात्री लावावी, आणि तिला आधारासाठी लोखंडी कमान द्यावी, बांबूची तिच्या वजनाने बसते.

मला विचाराल तर बोगनवेलीइतकी गैरसमजास बळी पडलेली दुसरी वेल नाही. तिचा रंग फुलांचा नव्हे. तीन रंगीत पत्रके आणि प्रत्येक पत्रकाच्या मधल्या शिरेला चिकटलेले एक बारीक पांढुरके नळीसारखे फूल, अशी तिची रचना आहे. फिलिबेर कोमर्सन या फ्रेंच वनस्पतिज्ञाला ती १७६७ साली रिओ द जानेरोत आढळली. ज्या सागरी मोहिमेत तो होता तिचा अधिपती बुगँव्हिल, आणि नाव त्याचे लागले. कोमर्सनबरोबर पुरुषवेषात वावरणारी त्याची सहायक झान बारे हीच पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली; पण तिचे नाव या वेलीला कोणी दिले नाही. बोगनवेल फुलण्याचे रहस्य एका वाक्यात सांगता येते: तिला उपाशी आणि तहानेली ठेवा. दिवाळीनंतर पाने किंचित मरगळेपर्यंत पाणी देऊ नये, मग एकदा भरपूर द्यावे, पुन्हा थांबावे. जेथे हिरवळीच्या पाण्यावर ती रोज पोसली जाते तेथे ती दहा-दहा हातांचे काटेरी फाटे टाकते आणि रंगाचा एक ठिपका दाखवत नाही. छाटणी पहिल्या पावसाबरोबर करावी. वेल ओळखावयाची असेल तर पाने गुळगुळीत, काटे लहान, पत्रके टोकदार, ती ग्लाब्रा. पाने लवदार, काटे मोठे व वाकडे, पत्रके मोठी, ती स्पेक्टाबिलिस. संकरित जाती शेकड्यांनी आहेत, त्यांच्या नादी येथे लागत नाही.

काही झाडे मात्र पाण्याकडे पाहत नाहीत, रात्रीच्या लांबीकडे पाहतात. शेवंती, पॉइन्सेटिया आणि नारिंगी पडद्यासारखी कुंपणे झाकणारी संक्रांतवेल ही त्यांतली ठळक नावे. संक्रांतवेल ब्राझीलची, तरी मकरसंक्रांतीच्या सुमारास तिचा बहर इतका नेमका येतो की आपल्या लोकांनी तिला पंचांगातच जागा दिली. तिच्या पानाला दोन पर्णिका असतात आणि तिसरीच्या जागी तीन फाट्यांचा ताणा. तिची छाटणी बहर ओसरताच करावी. भाद्रपदात कापल्यास त्या साली फुले विसरावी. पॉइन्सेटियाचा लाल भाग म्हणजेही पत्रकेच, आणि ती लाल व्हावयास सलग, अखंड अंधाराच्या लांब रात्री लागतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली ज्यांचा पॉइन्सेटिया कायम हिरवा राहतो त्यांनी खताचे पोते परत करून कुंडी घराच्या मागच्या बाजूस हलवावी.

यानंतर मातीचा प्रश्न येतो, आणि येथे पुणेकरांचा कोकणाशी असलेला आप्तसंबंध आड येतो. गणपतीला किंवा आंब्याच्या दिवसांत कोकणात गेलेला माणूस तेथील अनंत आणि एक्झोरा पाहून भुलतो, रोप आणतो, आणि दोन वर्षांत त्याची कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या अशी दशा होते. रोग काही नाही. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी. देशावरची काळी माती चुनखडीयुक्त आणि कूपनलिकेचे पाणी बहुधा जड. चुन्याच्या संगतीत मातीतील लोह मुळांना मिळेनासे होते, आणि नव्या पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. मातीत हिराकस टाकून फारसा लाभ नाही, कारण चुना त्याचीही तीच गत करतो. त्यापेक्षा हिराकसाचे अगदी सौम्य द्रावण पानांवर फवारावे, पावसाचे पाणी साठवून घालावे, आणि मुळात ही झाडे मोठ्या कुंडीत लाल माती, पालापाचोळ्याचे खत व शेणखत यांच्या मिश्रणात लावावी. याच कारणामुळे उटीच्या आम्ल मातीत निळे फुलणारे हायड्रेंजिया चुनखडीच्या मातीत गुलाबी होते. आम्ल मातीत ॲल्युमिनियम झाडाला मिळते आणि त्यानेच तो निळा रंग येतो.

ट्यूलिप, डॅफोडिल, पिओनी यांचा हव्यास मात्र सोडावा. त्यांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती आपल्या पठारावर नाही. त्याऐवजी पावसाळा सरताच वाफ्यात पेरावयाची हंगामी फुले, टेक्सासचा फ्लॉक्स, दक्षिण अमेरिकेतील पेट्युनिया, भूमध्य सागराकाठचा अँटिऱ्हिनम, यांना आपला हिवाळा म्हणजे त्यांच्या देशचा वसंतच वाटतो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, निशिगंध आणि डेलिया हे तिघेही मेक्सिकोचे. त्यांची येथे कधी तक्रार ऐकली नाही. गुलाब ऑक्टोबरच्या मध्यावर छाटला की डिसेंबरच्या आरंभी बहरास येतो, एवढे येथे पुरे. गुलाबावर लिहावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा.

एक इशारा मात्र देणे भाग आहे. कण्हेर आणि तिची पिवळी चुलत बहीण बिट्टी, या दोहोंचे सर्व भाग जहाल विषारी आहेत, विशेषतः बिट्टीच्या बिया, ज्यांच्याशी मुले खेळतात. कण्हेरीचे पान बहुधा तीन-तीनच्या वलयात येते, बिट्टीचे अरुंद पान एकाआड एक, चीक दोघींनाही. ज्या घरात लहान मूल किंवा दारी गाय-शेळी आहे त्या घरी ही ओळख फुलांच्या हौसेआधी व्हावी.

रोपवाटिकांतील पाट्यांवर विसंबून राहू नये. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूस ज्या अनेक रोपवाटिका आहेत तेथे उत्तम रोपे मिळतात, पण गाडीतून उतरवताना पाट्यांची अदलाबदल सर्वत्रच होते, म्हणून पान, चीक आणि वास यांची परीक्षा जागेवरच घ्यावी. झाडे नावानिशी पाहावयाची असतील तर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारखी दुसरी जागा जवळ नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० सालची संस्था ती बाग सांभाळते आणि प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तेथे पुष्पप्रदर्शन भरवते. बंगळुरास जाणे झाल्यास १७६० साली हैदरअलीने आरंभिलेला लालबागही जानेवारीत किंवा ऑगस्टमध्ये पाहावा. जाताना एक वही आणि पेन्सिल जवळ ठेवा, फुलाच्या रंगाआधी पानांची मांडणी टिपून घ्या, आणि आपल्या घरच्या न फुलणाऱ्या झाडाची एक लहान डहाळी सोबत न्यावयास विसरू नका.